नटश्रेष्ठ चित्तूर नागय्या

शाळेच्या वार्षिकात थोर पुरुषांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. शास्त्रज्ञ, समाजसुधारक, कवी, धर्मोपदेशक, देशभक्त यांच्या पंक्तीस आज आम्ही एका चित्रपटनटास आणून बसवीत आहो, हे पाहून आमच्या काही पालकबंधूंच्या कपाळास आठी पडेल, याची आम्हास जाणीव आहे. चित्रपटांच्या नादाने मुले अभ्यास विसरतात, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहो, त्यांच्या आयुष्यात असा एक प्रश्न दडलेला आहे की, जो विद्यार्थ्यांनी व पालकांनी दोघांनीही एकत्र बसून विचारात घ्यावा. रंगभूमीवर आणि पडद्यावर ज्याने जन्मभर साधुसंतांची सोंगे घेतली, त्याच्या अंगी त्या साधुत्वाचा काही अंश उतरतो काय? आणि उतरला, तर जग त्याचे काय करते? चित्तूर व्ही. नागय्या यांचे चरित्र म्हणजे या प्रश्नाचे एक हृदयस्पर्शी उत्तर होय.

नागय्यांचा जन्म २८ मार्च १९०४ रोजी झाला. रेपल्ले हे त्यांचे जन्मगाव. तो प्रदेश त्या वेळी मद्रास इलाख्यात मोडत असे. आज तो आंध्र प्रदेशात आहे. परंतु ज्या गावाच्या नावाने ते पुढे सर्वत्र ओळखले गेले, ते चित्तूर मात्र तेथून बरेच दक्षिणेस, तमिळ मुलखाच्या अगदी सीमेवर आहे. तेथील बाजारात तेलुगू आणि तमिळ या दोन्ही भाषा सारख्याच कानी पडतात. नागय्यांनी पुढे दोन्ही भाषांच्या चित्रपटांत सारख्याच सहजतेने कामे केली, त्याचे बीज या सीमेवरील वास्तव्यात असावे, असे आम्हास वाटते.

तारुण्यात त्यांनी काही काळ सरकारी कचेरीत कारकुनी केली, काही काळ वृत्तपत्रात लेखणी चालविली. परंतु त्यांचे मन खरे रमले ते संगीतात आणि नाटकात. चित्तूर येथे रामविलास सभा नावाची हौशी नाटकमंडळी होती. तिच्या नाटकांतून त्यांच्या गळ्याची व अभिनयाची ख्याती पसरू लागली. आपल्याकडे किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी यांच्या नाटकांत गायनास जे स्थान होते, तेच तिकडील पौराणिक नाटकांतही होते. ज्यास गाता येत नाही, त्याने नायक होऊ नये, असा जणू नियमच होता. नागय्यांचा आवाज फार मोठा वा फिरत्या तानांचा नव्हता. पण तो मृदू, स्वच्छ आणि भावपूर्ण होता, आणि प्रत्येक शब्दाचा उच्चार ते जपून करीत. याच गुणाने पुढे त्यांस मोठेपण दिले.

येथे त्या काळच्या बोलपटांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तमिळ भाषेचा पहिला बोलपट कालिदास हा १९३१ साली निघाला, तो मद्रासेत नव्हे, तर आपल्या मुंबईत. त्याचे निर्माते अर्देशीर इराणी हे होते, आणि दिग्दर्शक एच. एम. रेड्डी हे होते. भक्त प्रल्हाद हा पहिला तेलुगू बोलपटही याच जोडीचा. पुढे काही वर्षांत मद्रासेत चित्रपटनिर्मितीची गृहे उभी राहिली, आणि तमिळ व तेलुगू या दोन्ही भाषांचे चित्रपट त्या एकाच शहरात निघू लागले. त्यामुळे एकच नट सकाळी एका भाषेत व सायंकाळी दुसऱ्या भाषेत काम करू शके. नटाचे ओठ हलवावे आणि गाणे मागून दुसऱ्याने गावे, ही सोय प्रारंभी नव्हती. नटास स्वतःच गावे लागे, तेही अभिनय करता करता, ध्वनिग्राहकाकडे लक्ष ठेवून; आणि जरा चूक झाली की सर्व पुनः आरंभापासून. अशा दिवसांत ज्यास गाणे, बोलणे व चेहऱ्यावर भाव आणणे या तिन्ही गोष्टी साधत, त्याची किंमत किती असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

ज्या एच. एम. रेड्डींनी मुंबईत दक्षिणेचे पहिले बोलपट घडविले, त्यांच्याच गृहलक्ष्मी या चित्रपटातून नागय्या १९३८ साली पडद्यावर आले. त्या वेळी त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते. आजकाल विशी गाठण्यापूर्वीच यश मिळाले नाही म्हणून हताश होणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. नंतरच्याच वर्षी, म्हणजे १९३९ साली, बी. एन. रेड्डी यांच्या वाहिनी या नव्या संस्थेने वंदे मातरम् हा चित्रपट काढला, आणि त्यात नागय्या नायक झाले. शिकलेला परंतु बेकार असा तरुण, हुंडा, घरातील कलह आणि ताटातूट अशी त्याची कथा होती. देवदेवतांच्या कथांस सरावलेल्या प्रेक्षकांस आपल्याच घरातील दुःख पडद्यावर पाहून नवल वाटले. या चित्रपटाचे संगीतही नागय्यांनीच दिले होते. सुमंगली (१९४०) व देवता (१९४१) हे वाहिनीचे पुढील सामाजिक चित्रपट. त्यांतूनही त्यांचे नाव वाढतच गेले. तमिळ भाषेतही त्यांचा प्रवेश झाला. १९४१ सालच्या अशोककुमार या चित्रपटात त्यागराज भागवतर हे विख्यात गायकनट राजपुत्र कुणाल झाले, आणि सम्राट अशोकाचे काम नागय्यांनी केले.

परंतु नागय्यांचे नाव घराघरांत पोहोचविले ते एका गरीब शेतकरी कवीने. पंधराव्या शतकात बम्मेर पोतन्न नावाचे तेलुगू महाकवी होऊन गेले. त्यांनी भागवत तेलुगूत आणले. मराठी वाचकांस एकनाथांचे भागवत जसे, तसे तेलुगू जनांस पोतन्नांचे. आपला ग्रंथ राजास अर्पण केला असता, तर धनाची रास पडली असती. पण पोतन्नांनी तो रामचरणी अर्पण केला आणि नांगराच्या मिळकतीवर संसार चालविला, अशी त्यांची कथा सांगतात. के. व्ही. रेड्डी यांनी दिग्दर्शित केलेल्या भक्त पोतना या चित्रपटात १९४३ साली ही भूमिका नागय्यांनी वठविली. महायुद्धाचा काळ, महागाईचे दिवस. तरीही लोकांची रीघ लागली. आपल्याकडे १९३६ साली प्रभातच्या संत तुकाराम या चित्रपटात विष्णुपंत पागनीस यांस पाहून लोक जसे हात जोडीत, तसेच तिकडे नागय्यांस पाहून होऊ लागले.

येथून पुढे साधुसंतांच्या भूमिका जणू त्यांच्यासाठीच राखून ठेवल्या गेल्या. १९४६ साली त्यांनी स्वतःच्या रेणुका फिल्म्स या संस्थेतर्फे त्यागय्या हा चित्रपट काढला. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. हे त्यागय्या म्हणजे कर्नाटक संगीतातील महान वाग्गेयकार त्यागराज. त्यांचा काळ १७६७ ते १८४७. कावेरीकाठच्या तिरुवैयारू या गावी ते राहत. त्यांच्या काळी तेथून जवळच तंजावरच्या गादीवर आपले मराठे भोसले राजे होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील मुलांस ठाऊक असावी. सरफोजी राजांचा दरबार म्हणजे विद्या आणि कला यांचे माहेरघर. त्या दरबाराने त्यागराजांस द्रव्य देऊ केले असता त्यांनी ते परत पाठविले, धनात सुख की रामाच्या सान्निध्यात, हा प्रश्न आपल्या मनास विचारून त्याचे गाणे केले, आणि या वर्तनाने रागावलेल्या थोरल्या बंधूंनी त्यांच्या पूजेतील मूर्ती कावेरीत फेकून दिल्या, अशी परंपरागत कथा आहे. नागय्यांनी ही भूमिका इतक्या तन्मयतेने केली की, दक्षिणेत कित्येकांस त्यागराजांचे नाव घेताच नागय्यांचाच चेहरा आठवू लागला.

लगेच १९४७ साली योगी वेमना हा चित्रपट आला. वेमना हे तेलुगू भाषेतील लोककवी. त्यांची छोटी छोटी पद्ये लहान मुलांच्या तोंडी असतात. मिशनरी पित्याच्या पोटी जन्मलेले चार्ल्स फिलिप ब्राऊन या इंग्रज अधिकाऱ्याने ती परिश्रमाने जमवून १८२९ साली इंग्रजी भाषांतरासह छापली, त्याबद्दल तेलुगू लोक त्याचे आजही ऋण मानतात. चित्रपटातील वेमना आरंभी विलासी आहे. गणिकेच्या नादी लागून त्याने घरचे द्रव्य उधळले आहे. पुढे सोने बनविण्याच्या किमयेचे वेड त्यास लागते. परंतु ज्या लाडक्या पुतणीवर त्याचा जीव, ती मरण पावते. तेव्हा हातातील सोने आणि पायाखालची माती यांत अंतर ते काय, हे त्यास उमगते व तो विरक्त होतो. विलासी तरुणापासून योग्यापर्यंतचे हे स्थित्यंतर नागय्यांनी आरडाओरडा न करता, केवळ डोळे आणि स्वर यांच्या साहाय्याने दाखविले. त्या काळी पडद्यावरही नाटकी आवेशाने बोलण्याची चाल होती. ध्वनिग्राहकासमोर कुजबूजही पुरते, हे ज्या थोड्या नटांनी लवकर ओळखले, त्यांत नागय्यांची गणना केली पाहिजे.

आता एका भूमिकेचा उल्लेख आम्ही विशेष आनंदाने करतो. १९४८ साली मद्रासच्या जेमिनी या संस्थेने चक्रधारी नावाचा तमिळ चित्रपट काढला. हा चक्रधारी दुसरा कोणी नसून आपले तेरढोकीचे गोरोबाकाका होत. चिखल तुडविताना विठ्ठलनामात देहभान हरपलेले, आणि त्या भरात पोटचे लेकरू पायाखाली आले तरी न कळलेले गोरा कुंभार नागय्यांनी तमिळ जनांपुढे उभे केले. पुढे १९५७ साली पांडुरंग महात्म्यम् या तेलुगू चित्रपटात भक्त पुंडलिकाची कथा आली. त्यात एन. टी. रामाराव पुंडलिक झाले, आणि ज्या पित्याची प्रथम उपेक्षा करून पुढे मुलगा ज्याची सेवा करतो, त्या वृद्ध पित्याचे काम नागय्यांनी केले. भीमातीरीच्या या दोन कथा ज्या भाषांत कधी अभंग ऐकले गेले नसतील, त्या भाषांच्या प्रेक्षकांस या एका नटाने रडविले, याचा महाराष्ट्रास अभिमान वाटावा.

ते केवळ हिंदू संतांचेच नट होते, असे मात्र कोणी समजू नये. स्वर्गसीमा (१९४५) या चित्रपटात एका नटीच्या मोहात सापडून घरच्या पत्नीस विसरणारा पुरुष त्यांनी दाखविला. त्याच वर्षी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या मीरा या चित्रपटात मेवाडचा राणा तेच होते. आणि १९५० साली त्यांनी जी भूमिका केली, तिची कथा आमच्या शाळेतील मोठ्या वर्गांच्या मुलांस इंग्रजी वाचनातून परिचित असेल. व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच ग्रंथकाराची ले मिझराब्ल ही कादंबरी जगप्रसिद्ध आहे. भाकरी चोरल्यामुळे तुरुंगात गेलेला जाँ व्हालजाँ सुटून आल्यावर त्यास कोणी थारा देत नाही. एक वृद्ध बिशप त्यास जेवू घालतो, निजावयास जागा देतो. आणि तो कैदी रात्री त्याच घरातील चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई त्यास पकडून आणतात, तेव्हा बिशप त्यास चोर न म्हणता, मी तुला चांदीच्या समयाही दिल्या होत्या, त्या का विसरलास, असे विचारतो. त्या एका क्षमेने त्या मनुष्याचे सर्व आयुष्य पालटते. याच कथेवरून कोइमतूरच्या पक्षिराजा संस्थेने तमिळमध्ये एळै पडुम पाडु व तेलुगूत बीदल पाट्लु असे दोन चित्रपट काढले. दिग्दर्शक होते के. रामनाथ, अकरा वर्षांपूर्वी वंदे मातरम् मध्ये नागय्यांस कॅमेऱ्यातून पाहणारे ते हेच गृहस्थ. दोन्हींत तो पश्चात्ताप पावलेला कैदी नागय्या झाले. ख्रिस्ती क्षमेची ही कथा दक्षिणेतील लक्षावधी प्रेक्षकांस त्यांच्या मुखातून कळली.

येथवर आम्ही नटाचे चरित्र सांगितले. आता माणसाचे सांगितले पाहिजे, आणि ते अधिक कठीण आहे.

या यशाच्या दिवसांत नागय्यांस अलोट पैसा मिळाला. दक्षिणेतील अत्यंत मोठे मानधन घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होती. परंतु तो पैसा त्यांच्यापाशी कधी राहिला नाही. मद्रासेतील त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. काम शोधावयास आलेला नट, फी न भरू शकणारा विद्यार्थी, गावाकडून आलेला अनोळखी पाहुणा, सर्वांस तेथे पान मांडलेले असे. मागणाऱ्याची चौकशी करणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. दिलेल्या पैशांची नोंद त्यांनी ठेवली नाही, आणि परत मागणे तर दूरच राहिले. स्वतःच्या संस्थेचे चित्रपट काढतानाही हिशेबापेक्षा हौस अधिक. १९५३ साली तेलुगूत ना इल्लु व तमिळमध्ये एन वीडु अशा नावांनी त्यांनी एकच कथा दोन भाषांत काढली. माझे घर, हाच दोन्ही नावांचा अर्थ. घराची कथा सांगणाऱ्या या चित्रपटाने त्यांच्या स्वतःच्या घराची घडी विसकटली. कर्ज झाले.

इतके होऊनही त्यांच्या मनातील एक इच्छा गेली नाही. भद्राचलमचे भक्त रामदास यांचे चरित्र पडद्यावर आणावे, हा त्यांचा ध्यास होता. हे रामदास म्हणजे आपले समर्थ नव्हेत. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत कंचर्ल गोपन्ना नावाचे तहसीलदार होते, तेच हे. गोदावरीच्या काठी भद्राचलम येथे रामाचे जीर्ण मंदिर पाहून त्यांनी ते नव्याने बांधले, आणि त्यासाठी सरकारी वसुलीचा पैसा खर्च केला. सुलतानाने त्यांस गोवळकोंड्याच्या किल्ल्यात बंदीत टाकले. तेथे त्यांनी रामाची करुणा भाकणारी पदे रचली, तीच आज भजनांतून गायिली जातात. नागय्यांचा रामदासु हा चित्रपट अनेक वर्षे अडखळत, पैसा मिळेल तसा पुढे सरकत, शेवटी १९६४ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका पुनः त्यांचीच. वय साठ वर्षांचे. चित्रपट पूर्ण झाला, पण नागय्या मात्र त्या ओझ्याखाली पुनः उभे राहू शकले नाहीत.

पुढील वर्षी, १९६५ साली, भारत सरकारने त्यांस पद्मश्री ही पदवी दिली. शिवाजी गणेशन यांस ती १९६६ साली, आणि एन. टी. रामाराव व अक्किनेनी नागेश्वरराव या दोघांस १९६८ साली मिळाली, हे पाहिले असता दक्षिणेच्या नटांत नागय्यांचा मान किती आधीचा होता, हे दिसून येईल. परंतु पदवीने कर्ज फिटत नाही. जो एके काळी नायक होता, तो आता लहानसहान कामे करू लागला. नायकाचा पिता, गावातील वृद्ध, एखादा ऋषी, एखादा न्यायाधीश, जे मिळेल ते. १९६३ सालच्या लवकुश या भव्य रंगीत तेलुगू चित्रपटात त्यांनी वाल्मीकी साकारला. त्या शांत मुद्रेपुढे आजही प्रेक्षक स्तब्ध होतो. परंतु इतर कित्येक चित्रपटांत त्यांस दोन प्रवेशांपलीकडे काम नसे. दोनशेहून अधिक चित्रपटांत त्यांनी कामे केली. या मोठ्या आकड्यामागे कलेची हौस जितकी आहे, तितकीच दोन वेळच्या खर्चाची निकडही आहे, हे सांगताना आमची लेखणी अडखळते. ज्या नवोदितांस त्यांनी हात धरून वर आणले होते, त्यांतील काही आता मोठ्या मोटारींतून फिरत होते. आणि नागय्या मात्र कामाची वाट पाहत होते. तरीही त्यांनी कोणास दोष दिला, कोणाचे उपकार काढून दाखविले, असे त्यांस ओळखणाऱ्यांच्या स्मरणात नाही. ३० डिसेंबर १९७३ रोजी मद्रास येथे त्यांनी देह ठेवला. वय एकोणसत्तर वर्षांचे. मागे संपत्ती म्हणण्यासारखी काही नव्हती. पुढे त्याच शहरातील पानगल उद्यानापाशी लोकांनी त्यांचा पुतळा उभारला.

वाचकहो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आमच्यातील व्यवहारी पालक म्हणतील की, यात मुलांनी शिकण्याजोगे काय? हा तर उधळेपणाचा परिणाम. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आम्ही मुलांस नित्य सांगतो, आणि नागय्यांनी नेमके तेच केले नाही. या म्हणण्यात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. दान द्यावे ते आपल्या घरास व आपल्या धनकोस अडचणीत न टाकता द्यावे, देताना घेणाऱ्याची खरी गरज ओळखावी, आणि म्हातारपणाची तरतूद करणे यात स्वार्थ नाही, हा धडा विद्यार्थ्यांनी या चरित्रातून अवश्य घ्यावा. भद्राचलमच्या गोपन्नांनी मंदिरासाठी जो पैसा खर्चिला, तोही त्यांचा स्वतःचा नव्हता. आणि भक्ती कितीही थोर असली, तरी हिशेब द्यावा लागला. नागय्या हे चित्र काढताना स्वतःच्याच भवितव्याचे चित्र काढीत होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु धडा येथेच संपविला, तर तो अर्धाच होईल, आणि आमच्या मते तो खोटाही होईल. पोतन्नांनी राजाचे द्रव्य नाकारले, त्यागराजांनी दरबाराचा नजराणा परत केला, वेमनाने सोने माती मानले. हे पडद्यावर पाहून लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजविल्या, तिकिटांचे पैसे मोजले. तीच वृत्ती जेव्हा त्या नटाच्या घरी सदेह नांदू लागली, तेव्हा मात्र लोकांनी तिला बावळेपणा म्हटले. चित्रातील संतास हात जोडावे आणि जित्या संतास वेडा ठरवावे, ही आपली जुनीच खोड आहे. तुकोबांनी वाटणीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, त्या वेळी देहूच्या लोकांनी त्यांस काय म्हटले असेल, याचा विचार करावा. शुभवर्तमानात गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन नाण्यांची गोष्ट आपण दरवर्षी प्रार्थनेच्या वेळी ऐकतो. पण तिची शेजारीण त्या रात्री तिच्या घरी भाकरी घेऊन गेली की नाही, हे आपण कधी विचारीत नाही. नागय्यांच्या आयुष्यात दोष शोधावयाचा असेल, तर तो देणाऱ्याच्या हातात जितका आहे, त्याहून अधिक घेणाऱ्यांच्या विस्मरणात आहे. त्यांच्या पानावर जेवून गेलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा त्यांच्या दारी येऊन विचारपूस केली असती, तरी या चरित्राचा शेवटचा अध्याय निराळा झाला असता.

ज्या गोरोबाकाकांची भूमिका नागय्यांनी केली, त्यांच्याविषयी आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. संतांचा मेळा जमला असता, कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे पाहण्यासाठी गोरोबांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिले. ज्याने कुरकूर केली, ते मडके कच्चे ठरले. नागय्यांच्या मस्तकावर दैवाचे थापटणे अनेकदा पडले. ऐश्वर्य गेले, मानाचे काम गेले, मित्र गेले. पण त्यांनी कुरकूर केली नाही. हे मडके पक्के होते, याविषयी आम्हास संशय नाही. प्रश्न आहे तो आमचा आणि आमच्या वाचकांचा.

म्हणून आमच्या बालमित्रांस आमची एवढीच विनंती आहे. सुटीत एखादा जुना चित्रपट पाहण्याचा योग आला, आणि त्यात कोपऱ्यात उभा असलेला, दोनच वाक्ये बोलून निघून जाणारा एखादा वृद्ध नट दिसला, तर क्षणभर त्याच्याकडे नीट पाहा. कदाचित तो एके काळी त्याच पडद्याचा राजा असेल. आणि पडद्यावरून दृष्टी काढल्यावर आपल्या गल्लीतही पाहा. ज्यांच्याकडून आपण पहिली मुळाक्षरे शिकलो ते वृद्ध गुरुजी, ज्यांनी परीक्षेच्या वेळी बाबांस फीचे पैसे उसने दिले ते शेजारचे काका, आजारपणात आईच्या उशाशी बसलेली ती मावशी, यांपैकी कोणाच्या दारी आपण किती दिवसांत गेलो नाही, याचा हिशेब मांडा. नागय्यांनी आपला हिशेब कधी लिहिला नाही. तो आपण लिहावा, आणि दिवाळीपूर्वी त्यातील एक तरी बाकी चुकती करावी, यासाठीच या थोर नटाचे चरित्र आम्ही येथे सादर केले आहे.